बचावपटूचे गुणदोष : मूल्यमापनाची भाषा आणि तिचे व्याकरण

खेळाडूचे गुणदोष सांगणे ही वरवर पाहता फार सोपी गोष्ट वाटते. 'अंगात बळ आहे, पण उतावळा आहे', 'पकड चांगली, पण डोके थंड नाही', 'हुशार आहे, पण कमजोर पडतो' अशी वाक्ये कबड्डीच्या मैदानाकडेला बसलेला कोणीही सहज बोलून जातो. आणि निवड समितीच्या टिपणात तीच वाक्ये थोड्या सभ्य रूपाने उतरतात. ह्या वाक्यांवर पुढे बरेच काही अवलंबून असते. रत्नागिरी तालुक्यात मुचकुंदी नदीच्या मुखाशी वसलेल्या पूर्णगडसारख्या गावातील सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला जिल्ह्याच्या कुमार संघात जागा मिळते की नाही, ह्याचा निर्णय दोन-तीन सामन्यांत आणि बहुधा दोन-तीन शब्दांत होत असतो. जिल्ह्यातून राज्य, राज्यातून राष्ट्रीय स्पर्धा आणि तेथील प्रावीण्याच्या बळावर शासकीय सेवेत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के राखीव जागांपैकी एखादी मिळण्याची आशा, अशी ही वाट आहे. तिच्या पहिल्याच पायरीवर 'उतावळा' हा एक शब्द आडवा येऊ शकतो. म्हणून हा शब्द नेमके कशाचे वर्णन करतो, हे तपासून पाहणे केवळ भाषाभ्यासकाच्या कुतूहलापुरते उरत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, बचावपटूच्या बाबतीत ज्यांना आपण गुण आणि दोष म्हणतो ते पुष्कळदा त्याच्या ठिकाणी वसणारे धर्म नसतात. विशिष्ट परिस्थितीत केलेल्या कृतीचे ते मूल्य असते. आणि मराठी भाषेचे काही प्रत्यय, काही सहायक क्रियापदे व काही अव्यये हे मूल्य त्या माणसाच्या स्वभावावर चिकटवून देतात. हे स्पष्ट होण्यासाठी आधी खेळाची रचना, मग एक प्रत्यक्ष उदाहरण आणि शेवटी भाषा, ह्या क्रमाने जाणे सोयीचे होईल. उदाहरण घेतले आहे ते एका परदेशी तरुणाचे. इराणचा डावा कोपरारक्षक महंमदरझा शाडलुई हा २०२३ साली पुण्याच्या संघात आला आणि त्याच्याविषयी मराठी प्रेक्षकांत जेवढी परस्परविरोधी मते ऐकू आली तेवढी क्वचितच दुसऱ्या बचावपटूविषयी आली असतील.

ज्यांनी कबड्डी केवळ लहानपणी अंगणात 'हुतूतू' म्हणून खेळली आहे, त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. चढाई करणाऱ्यासमोर जास्तीत जास्त सात बचावपटू असतात. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरांवर निदानरेषा असून तिच्यामागे आणखी एक मीटरावर बोनस रेषा असते. चढाईपटूला ३० सेकंदांचा अवधी असतो. त्याने निदानरेषा ओलांडली नाही आणि कोणाला स्पर्शही केला नाही, तर तो बाद होतो. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना त्याने एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकला आणि त्याच क्षणी दुसरा पाय जमिनीवरून उचललेला असला, तर त्याला एक जादा गुण मिळतो. हा नियम कोपरारक्षकाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. बोनस घेणारा माणूस त्या क्षणी एका पायावर उभा असतो आणि तो पाय कोपऱ्याच्या हाताच्या टप्प्यात आलेला असतो. घोट्याची पकड ही ह्या अर्ध्या क्षणात करावयाची असते. अर्धा क्षण आधी झेप घेतली तर पाय अजून आलेलाच नसतो. अर्धा क्षण उशीर झाला तर पाय परत गेलेला असतो. 'वेळ साधणे' ह्या वाक्प्रचाराचा इतका शब्दशः अर्थ इतरत्र क्वचितच सापडेल.

कोपरारक्षक एकटा नसतो. त्याच्या आतल्या बाजूला त्याचा जोडीदार असतो. दोघे बहुधा एकमेकांचा हात धरून साखळी करून हलतात. कोपऱ्याने घोटा धरला की चढाईपटू मध्यरेषेकडे अंग टाकतो, आणि त्या दिशेने त्याला अडविणे, डॅश मारून बाहेर ढकलणे किंवा कमरेला मिठी घालणे हे जोडीदारांचे काम. म्हणजे पकड हे एकाचे कर्म दिसले तरी ते वस्तुतः दोघांतिघांचे असते. गुणफलकावर मात्र ज्याने पहिला हात घातला त्याचे नाव लागते. धरणारा आणि थांबविणारा ह्यांतला पहिला तेवढा नोंदला जातो, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

आता पकडीचा हिशेब पाहू. पकड यशस्वी झाली तर बचाव करणाऱ्या संघास एक गुण मिळतो आणि त्याचा एक बाद खेळाडू परत येतो. फसली तर चढाई करणाऱ्यास किमान एक गुण मिळतो, पकड करणारा बाहेर जातो आणि प्रतिपक्षाचा एक गडी परत येतो. पकड केलीच नाही आणि चढाईपटूही कोणाला न शिवता परतला तर दोन्हीकडे शून्य. एवढ्यावरून असे दिसते की, साधारण परिस्थितीत निम्म्याहून अधिक वेळा यश येण्याचा संभव असेल तरच पकडीला हात घालावा. परंतु परिस्थिती साधारण राहत नाही. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असता केलेल्या यशस्वी पकडीला 'अव्वल पकड' म्हणतात व तिला दोन गुण मिळतात. केवळ गुणांचा विचार केला तर आता तीनांतून एक वेळ यश आले तरी हिशेब जुळतो. (पकड फसून लोण चढण्याचा धोका मोठा, हे खरे, म्हणून शेवटच्या एका-दोघांना हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही.) उलट एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळविलाच पाहिजे, नाही तर चढाईपटू बाद होतो आणि बचाव करणाऱ्यांना आयता एक गुण मिळतो, असा व्यावसायिक लीगचा नियम आहे. अशा चढाईत पकड केली तरी एक गुण आणि अंग चोरून दूर राहिले तरी एकच. येथे झेप घेणाऱ्याने मिळवायचे जवळजवळ काहीच नसते, गमवायचे मात्र असते.

तेव्हा तोच खेळाडू, तोच घोटा, तीच झेप. तीन गडी उरलेले असताना ती शहाणपणाची. तिसऱ्या चढाईत ती अविचाराची. सातजण उभे असताना समोरच्याचे कौशल्य पाहून ठरवावयाची. 'उतावळा' हे विशेषण ह्या तिन्ही प्रसंगांना सारखेच लावले जाते. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही स्थिती अपरिचित नाही. एखादा ध्वनी स्वतः शुद्ध वा अशुद्ध नसतो. तो कोणत्या परिसरात आला ह्यावरून त्याचे कार्य ठरते. सोस्यूरने बुद्धिबळाच्या मोहऱ्याचा दृष्टांत ह्याच कारणासाठी योजला होता. मोहऱ्याचे मूल्य त्याच्या लाकडात नसून पटावरील इतर मोहऱ्यांशी असलेल्या त्याच्या संबंधांत असते. कबड्डीचा कोपरारक्षक हा ह्या अर्थाने चालते-बोलते मोहरे आहे.

रिकाम्या चढाईचा प्रश्न याहूनही सूक्ष्म आहे. संस्कृत व्याकरणपरंपरेने 'लोप' ह्या कल्पनेच्या द्वारे जे दिसत नाही त्यालाही कार्य असू शकते हे फार पूर्वी ओळखले, आणि आधुनिक भाषाविज्ञानात शून्य रूपिमाची कल्पना रूढ झाली. बचावपटूचे पुष्कळसे काम ह्या शून्याच्या स्वरूपाचे असते. चढाईपटू एका कोपऱ्याकडे वळतच नाही, बोनसचा पाय टाकताना हात आखडता घेतो, वीस सेकंद मध्येच घालवून परत जातो. ह्यांपैकी कशाचीही नोंद त्या कोपरारक्षकाच्या नावावर होत नाही. पूर्णगडचा किल्ला ज्याने पाहिला आहे त्याला हे चटकन उमगावे. किल्ला लहानसाच आहे. सिंधुदुर्ग-विजयदुर्गांच्या पंक्तीत कोणी त्याला बसविणार नाही. परंतु तो ज्या टेकडीवर उभा आहे तेथून मुचकुंदीचे मुख आणि समुद्राचा पट्टा नजरेत राहतो. अशा ठाण्याचे मोल त्याने किती गलबते पकडली ह्यावरून काढू लागलो तर ते फारच थोडे भरेल. जी गलबते खाडीत शिरण्याच्या विचारालाच आली नाहीत त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नसते.

ही अडचण केवळ कबड्डीची नाही. बर्फावरील हॉकीत बचावपटूंच्या मूल्यमापनाविषयी असाच वाद दीर्घकाळ चालत आला आहे. उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एक अधिक-उणे गणना अधिकृतपणे ठेवली जाते: खेळाडू मैदानात असताना आपल्या संघाने केलेल्या गोलांतून प्रतिपक्षाने केलेले गोल वजा करावयाचे. त्यातून न दिसणाऱ्या कामाचा काही अंदाज येतो. पण सहकारी दुबळे असले की चांगल्या बचावपटूचाही आकडा उणे दिसतो, ही तिची ठळक उणीव. तेथेही परिसराचा प्रश्न आहेच. आंतरराष्ट्रीय प्रमाणाचे बर्फाचे मैदान रूढीने ३० मीटर रुंद, तर उत्तर अमेरिकेतील सुमारे २६ मीटर. रशियातील रुंद मैदानावर वाढलेला तरुण बचावपटू प्रतिस्पर्ध्याला अंतर देऊन, वाट पाहत खेळतो. तीच सवय अरुंद मैदानावर त्याला मंद ठरवते. मुलगा बदललेला नसतो. चार मीटर कमी झालेले असतात.

अधिक-उणे पद्धत कबड्डीत आणता येईल काय? कल्पना मोहक आहे, कारण कबड्डीत बचावपटू बाद होऊन पुनःपुन्हा आत-बाहेर होत असतो आणि तो असताना व नसताना काय घडते ह्याची तुलना आपोआप उपलब्ध होते. पण तो बाहेर गेला की मैदानातील गड्यांची संख्याही एकाने घटते. सातांचे सहा झाले तर बोनस शिल्लक राहतो, सहांचे पाच झाले तर तो संपतो, चारांचे तीन झाले तर अव्वल पकडीची संधी निर्माण होते. म्हणून तुलना करावयाची ती समान संख्येच्या स्थितींतच केली पाहिजे. हे काम कष्टाचे आहे, पण एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने चित्रमुद्रणावरून सहज करण्याजोगे आहे.

आता शाडलुईकडे वळू. कबड्डीत इराण हा भारताचा सर्वांत प्रबळ प्रतिस्पर्धी आहे. आशियाई क्रीडास्पर्धांत १९९० पासून अखंड चालत आलेली भारतीय पुरुषांची सुवर्णपदकांची मालिका २०१८ साली जाकार्ता येथे इराणनेच उपांत्य सामन्यात २७–१८ अशी खंडित केली. पुढे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ येथील अंतिम सामना भारताने ३३–२९ असा जिंकला. त्याच महिन्यात झालेल्या लिलावात पुणेरी पलटण संघाने शाडलुईला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. तोपर्यंत तो पाटण्याकडून खेळत होता. २०२१–२२ च्या हंगामात त्याने पकडींचे ८९ गुण मिळविले होते. त्या वर्षी पाटण्याचा संघ अंतिम सामन्यात दिल्लीकडून केवळ एका गुणाने, ३६–३७ असा हरला होता. २०२२ च्या हंगामात दिल्लीविरुद्धच एका सामन्यात त्याने पकडींचे १६ गुण कमावले. विशीच्या आरंभीच्या वयातील परदेशी मुलाची ही कामगिरी असाधारणच म्हणावी लागेल.

तरीही पुण्यात त्याच्याविषयी शंका होत्या आणि त्या निराधार नव्हत्या. त्याच्या जमेच्या बाजू उघड होत्या. घोट्यावर पडलेला त्याचा हात सहसा सुटत नाही. खांदे व छाती भरीव असल्यामुळे समोरून आलेल्या माणसालाही तो एकट्याने थोपवू शकतो. हातांचा टप्पा मोठा. आणि प्रसंगी तो चढाईसही जाऊ शकतो. उणी बाजू अशी सांगितली जाई की, तो जोडीदाराची वाट पाहत नाही. चढाईपटू आत येण्याआधीच तो पुढे सरसावतो. साखळी सोडून एकटाच झेपावतो. आणि एक पकड साधली की मांडीवर थाप मारून पुढच्या चढाईत तीच घाई पुन्हा करतो. 'पैलवानी गडी आहे, जोर आहे, पण हुशारी कमी' अशा तऱ्हेची वाक्ये त्याच्या वाट्याला येत. येथे एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. पैलवान, जोर, हुशार, कमजोर हे चारही शब्द मराठीत फारसीतून आलेले आहेत. इराणी तरुणाला मराठीत तोलण्यासाठी वापरलेली वजने मुळात त्याच्याच देशातून आलेली होती.

परंतु त्याची 'घाई' कोणत्या संघात आणि कोणाच्या शेजारी उभे राहून केली जात होती, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. पुण्याच्या संघात आतल्या बाजूस संकेत सावंत व अबिनेश नदराजन हे तरणेबांड बचावपटू होते आणि उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री. प्रशिक्षक बी. सी. रमेश, कर्णधार अस्लम इनामदार. ह्या संघाचा बचाव कोणा एकावर विसंबून नव्हता. कोपरारक्षक आधी झेपावला तर मागचा गडी त्याच वेगाने त्याच्यावर येऊन पडतो, अशी सवय जुळली की ज्या कृतीला पूर्वी 'उतावळेपणा' म्हटले जाई तिला 'पुढाकार' म्हणता येते. शाडलुईने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळविले, आणि लीगमधील सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला. साखळी फेरीत पुण्याने ९६ गुणांसह पहिले स्थान पटकावले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणाला २८–२५ असे नमवून पहिल्यांदाच विजेतेपद मिळविले.

त्या अंतिम सामन्याकडे थोडे बारकाईने पाहावे. चढाईत सर्वाधिक ९ गुण मुंबईच्या पंकज मोहितेने मिळविले आणि पकडींत पुढे राहिला तो गौरव खत्री, ४ गुणांसह. हंगामभर ज्याच्या नावाचा गाजावाजा झाला तो डावा कोपरा त्या दिवशी फलकावर पुढे नव्हता. ह्याचा अर्थ तो अपयशी ठरला असा घ्यावा, की त्याला टाळण्यासाठी चढाया दुसऱ्या बाजूला वळल्या आणि उजव्या कोपऱ्याला काम मिळाले असा घ्यावा? केवळ फलकावरून ह्याचे उत्तर मिळणार नाही. एकेक चढाई पाहूनच ते द्यावे लागेल. येथे मुद्दा एवढाच की, दोन्ही अर्थ संभवतात, आणि टिपण लिहिणाऱ्याची भाषा त्यांपैकी एक अर्थ बहुधा नकळत निवडून मोकळी होते.

ही निवड भाषा कशी करते? सर्वांत आधी प्रत्यय पाहू. मराठीत क्रियेवरून स्वभाववाचक विशेषण बनविण्याची सोय फार समृद्ध आहे. लाजणारा तो लाजरा, बुजणारा तो बुजरा, भिणारा तो भित्रा, विसरणारा विसराळू, भांडणारा भांडखोर. शेवटच्या शब्दातील '-खोर' हा प्रत्यय फारसीतला, बाकीचे देशी. ह्या सर्वांचे कार्य एकच: घडलेल्या क्रियेला काळ, स्थळ व कारण ह्यांपासून सोडवून कर्त्याच्या प्रकृतीत मुरवणे. 'तो दुसऱ्या सामन्यात दोनदा बुजला' ह्या वाक्याला 'का?' असे विचारता येते. 'तो बुजरा आहे' ह्याला विचारता येत नाही. ते स्वतःच उत्तर होऊन बसते. 'उतावळेपणा केला' आणि 'उतावळा आहे' ह्यांत हेच अंतर आहे. पहिल्यावर प्रशिक्षकाला इलाज सुचू शकतो. दुसऱ्यावर फक्त नाव खोडणे सुचते.

दुसरी गोष्ट सहायक क्रियापदांची. ही मराठीची खास लकब असून मूल्यमापनाच्या दृष्टीने ती सर्वांत धोक्याची आहे. 'पकड केली' हे साधे विधान. 'पकड करून टाकली' ह्यात निर्णायकता आली. 'पकड करून दाखविली' ह्यात शाबासकी आली. आणि 'पकड करून बसला' ह्यात करू नये ते केल्याची हळहळ आली. चारही वाक्यांत शरीराची हालचाल एकच असू शकते. भेद असतो तो निकालाचा. झेप फळली तर 'करून दाखविली', फसली तर 'करून बसला'. निर्णय योग्य होता की नव्हता ह्याचा विचार निकालाच्या आधीच्या माहितीवर व्हावयास हवा. हे सहायक क्रियापद तो निकालाच्या नंतरच्या माहितीवर करून मोकळे होते, आणि तेही इतक्या नकळत की बोलणाऱ्याला आपण मत दिले असे वाटतही नाही. ज्या पकडीच्या यशाची शक्यता तीनांत दोन होती ती फसली, तर ती चूक नव्हे. आणि ज्या झेपेची शक्यता पाचांत एक होती ती फळली, म्हणून तो गुण नव्हे. सामना संपल्यावरच्या बोलण्यात 'बसला' आणि 'दाखविली' ह्यांची जी उधळण होते ती ऐकून हा फरक करणे अशक्य होते.

तिसरे, 'पण' हे अव्यय. 'बळकट आहे, पण उतावळा आहे' आणि 'उतावळा आहे, पण बळकट आहे' ह्या दोन वाक्यांतील माहितीत काडीचाही फरक नाही. तथापि पहिले वाचून निवड समिती नाव वगळील आणि दुसरे वाचून ठेवील. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ओस्वाल्द द्यूक्रो ह्याने आपल्या भाषेतील ह्याच अर्थाच्या अव्ययाचे विवेचन करताना दाखविले की, अशा वाक्यात पहिला अंश एका निष्कर्षाकडे नेतो, दुसरा त्याच्या विरुद्ध निष्कर्षाकडे, आणि बोलणारा दुसऱ्याच्या बाजूने उभा राहतो. मराठी 'पण' ह्याच जातीचे आहे. म्हणजे जो निर्णय समितीने विचार करून घ्यावयाचा, तो वाक्याच्या क्रमाने आधीच घेतलेला असतो. शाडलुईविषयीच्या वाक्यांत 'पण'च्या पुढे काय येत होते, हे २०२३ च्या आरंभी आणि २०२४ च्या मार्चनंतर तपासले तर अंशांची अदलाबदल झालेली आढळावी.

तरुण खेळाडूच्या बाबतीत आणखी एक शब्द येतो: 'अजून'. 'अजून उतावळा आहे' असे म्हटले की उतावळेपणा ही एक अवस्था ठरते आणि ती सरेल अशी अपेक्षा गृहीत धरली जाते. हा शब्द न्याय्य वाटतो आणि पुष्कळदा असतोही. मात्र त्याची दुसरी बाजू आहे. 'अजून शिकला नाही' ह्यात शिकण्याची वेळ होऊन गेली असा ठपका डोकावतो. सतराव्या वर्षी लागलेला 'अजून' आशेचा असतो, चोविसाव्या वर्षी लागलेला तक्रारीचा. आणि ह्या दोहोंतील सीमा खेळाडूच्या वयावर ठरते त्यापेक्षा बोलणाऱ्याच्या धीरावर अधिक ठरते. किनारपट्टीवरील गावांतल्या मुलाला राज्य पातळीवरच्या चढाईपटूंशी खेळावयास मिळते ते उशिरा, आणि मॅटवर सराव तर त्याहून उशिरा. मातीवर पाय घट्ट रोवतो, मॅटवर तोच वेगळ्या तऱ्हेने सरकतो किंवा अडकतो. मातीवर साधलेली घोट्याची वेळ मॅटवर पुन्हा साधावी लागते. अशा मुलाच्या 'अजून'ची मुदत शहरातील मुलापेक्षा वेगळी धरली पाहिजे.

मग टिपण लिहावयाचे कसे? विशेषणांवर बहिष्कार घालणे हा उपाय नव्हे. ती काढून टाकल्यास भाषा मुकी होईल. उपाय एवढाच की, विशेषणाच्या आधी क्रियापद यावे आणि क्रियापदाबरोबर परिस्थिती यावी. मैदानात किती गडी होते, चढाई कितवी होती, चढाईपटू कोणत्या बाजूने आला, जोडीदार कोठे होता आणि हात घातला त्या क्षणी पाय कोठे होता, ह्या पाच गोष्टी नोंदल्या की उरलेले मत कोणालाही देता येईल. न घेतलेल्या झेपांचीही नोंद हवी. तिसऱ्या चढाईत जो कोपरारक्षक दोनदा मागे सरकला आणि संघाला आयते दोन गुण मिळवून देता झाला, त्याच्या नावापुढे आज काहीच लिहिले जात नाही.

शाडलुईचेच उदाहरण घेऊन सांगावयाचे तर २०२३ मधील टिपण साधारण असे व्हावयास हवे होते: 'चढाईपटू बोनससाठी पाय टाकीत असता घोट्याची पकड सहसा सुटत नाही. समोर सात गडी असताना जोडीदाराच्या आधी पुढे सरतो. मागचा गडी वेगवान असल्यास हे चालते, संथ असल्यास दोघेही बाद होण्याचा संभव. तिसऱ्या चढाईत थांबावयास शिकविणे आवश्यक. चढाईसही वापरता येईल.' ह्यातील शेवटचे वाक्य त्या वेळी कोणाला फारसे महत्त्वाचे वाटले नसते. परंतु २०२४ च्या हंगामात तो हरियाणाच्या संघात गेला, तेथे त्याच्याकडून बचावाबरोबर चढायाही करून घेतल्या गेल्या, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातच झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणाने पाटण्याला ३२–२३ असे हरवून विजेतेपद मिळविले. त्या हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून निवड झाली ती शाडलुईची. पुढे २०२५ मध्ये गुजरातच्या संघाने त्याला २ कोटी २३ लाखांना घेतले, तेव्हा त्याच्याविषयीच्या वाक्यांत 'उतावळा' हा शब्द फारसा उरलेला नव्हता. झेप मात्र तो पूर्वीइतक्याच लवकर घेत होता.